उपासाला चहा चालतो

"मिस्टर कुठंयत?"

दारातल्या माणसानं मला हे विचारलं. मी आत पाय टाकायच्या आधीच. इंदिरानगरमधला ज्येष्ठ नागरिकांचा हॉल. रविवारची सकाळ. बाहेर चपलांचा ढीग, बहुतेक सगळ्या पुरुषांच्या. विचारणारा साठीच्या पुढचा, सोनेरी काडीचा चष्मा, इस्त्रीचा झब्बा. दारू सोडणाऱ्यांची मीटिंग इथं भरते असं मला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. गोळ्या अर्धंच काम करतात, बाकीचं काम अशा माणसांत बसून होतं, असं त्या म्हणाल्या होत्या.

मी म्हटलं, "मिस्टर नाहीत. मीच आलेय."

"हो, पण पेशंट कोण?"

"मीच."

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याचं हसू गेलं. त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मी कंपनीत जाताना घालते तोच ड्रेस घातला होता, केस बांधलेले होते, तोंडाला वास नव्हता. पिणारी बाई कशी दिसते याचं त्याच्या डोक्यात काहीतरी चित्र असणार. ते जुळेना.

"ताई, बायकांची मीटिंग मागच्या खोलीत असते," तो म्हणाला आणि हात दाखवला.

मला बरं वाटलं. म्हटलं चला, बायकांची वेगळी आहे. मागच्या खोलीत गेले तर बायका होत्या खऱ्या, पण पिणाऱ्या नव्हत्या. पिणाऱ्यांच्या बायका होत्या. गोल करून बसलेल्या, हातात रुमाल. एकीचा नवरा सोफ्यावर ओकायचा, एकीच्या नवऱ्यानं मंगळसूत्र मोडलं. ऐकून वाईट वाटलं, खोटं का बोलू. मग माझी पाळी आली. एकीनं मायेनं विचारलं, "तुमचे मिस्टर कधीपासून घेतात?"

"मिस्टर मला कधीच सोडून गेले. ते थेंबही घेत नव्हते. मी पिते."

शेजारच्या बाईनं पदर ओढून घेतला. माया पातळ व्हायला किती वेळ लागतो ते मी त्या दिवशी बघितलं. एकजण उठून बाहेर गेली आणि चष्मेवाल्या काकांना घेऊन आली. काकांनी मला व्हरांड्यात नेलं.

"गैरसमज करून घेऊ नका," ते म्हणाले. "पण ह्या बिचाऱ्या आधीच होरपळलेल्या आहेत. आणि पुढच्या हॉलमध्ये आमचे लोक मोकळेपणानं बोलतात, बाईमाणूस असलं की त्यांना संकोच होतो."

संकोच. रस्त्यात आडवं पडताना नव्हता झाला संकोच. भर चौकात धोतर-पँट ओली करताना नव्हता झाला. माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसायला मात्र संकोच. पुरुष प्यायला की त्याला टेन्शन असतं, आजार असतो, त्याच्या बाजूनं देव असतो आणि मागच्या खोलीत बायको असते. बाई प्यायली की ती तसली असते. एवढं साधं गणित आहे.

काकांनी मला गंगापूर रोडचा एक पत्ता दिला. "तिथं खास लेडीजची मीटिंग आहे. शनिवारी. चांगल्या घरच्या बायका येतात."

चांगल्या घरच्या. मी त्यांचे आभार मानून खाली उतरले. हो, आभार मानले. तेव्हा माझी जीभ तशीच होती.

आता मी कोण ते सांगते. सिन्नरच्या एमआयडीसीत स्विच बनवायच्या कंपनीत मी पॅकिंगला आहे. राहते नाशिकमध्येच, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, आई-बापानं ठेवलेल्या दोन खोल्यांत. मी देशी प्यायचे. नवरा गेल्यावर सुरू झालं म्हणतात लोक, पण त्याच्या आधीच झालं होतं. आणि ते कसं झालं हे ऐकवून मला कुणाची दया नकोय. माझी मुलगी माझ्या थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं, घोटीला आहे. अक्का तिथं भाताच्या गिरणीवर कामाला जाते. एका सकाळी मला उठता येईना आणि पोरगी परीक्षेला एकटीच उपाशी गेली, त्याच आठवड्यात अक्का येऊन तिला घेऊन गेली. जाताना म्हणाली, "तुझी शपथ मला नको. लय ऐकल्या. दवाखाना म्हणतोय मीटिंगला बस, तर बस. कुठंबी बस, पण बस. उन्हाळ्याची शाळा सुटंस्तवर टिकलीस तर पोरगी तुझी. नाय तर ती हितंच राहील, आन् मी तिला तुझ्याकडं पाठवणार नाय."

अक्का खोटं बोलत नाही. म्हणून मला मीटिंग पाहिजे होती. मला मैत्रिणी नको होत्या, प्रार्थना नको होती. बसायला एक जागा पाहिजे होती.

शनिवारी गंगापूर रोडला गेले. बंगला. गेटवर कुत्रा, आत झोपाळा. बंगल्याच्या बाईंना मी इथं शुभदाताई म्हणते. नाव बदललंय. तिथं ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही असा नियम आहे, आणि नाव लपवण्याइतकी इमानदारी माझ्यात आहे.

शुभदाताईंनी मला हाताला धरून आत नेलं. सगळ्याजणींना म्हणाल्या, "आपल्याकडे एक नवी मैत्रीण आलीय. इथे आपण फक्त पहिलं नाव सांगतो. इथे आडनाव नाही, जात नाही, हुद्दा नाही. आजारासमोर सगळे सारखे."

किती छान वाटलं म्हणून सांगू. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी नाव सांगितलं. मी पिते म्हणून सांगितलं. सगळ्याजणी एका सुरात नमस्कार म्हणाल्या.

मीटिंग संपल्यावर शुभदाताई जवळ आल्या. "राहायला कुठे गं?"

मी सांगितलं.

"तिकडे म्हणजे नक्की कुठे?"

"विहाराच्या मागं."

"अच्छा." मग जरा थांबून, "आणि मूळ गाव?"

आडनाव विचारलं नाही हां. नियम म्हणजे नियम. आडनाव न विचारता जे काढायचं ते बरोबर काढलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. मी देशीच्या दुकानात जायचे तेव्हा जाळीतून हात घालायला लागायचा. बायका तिथं जात नाहीत, मी जायचे. बाप्ये बघायचे, वाटेल ते बोलायचे. पण मूळ गाव कुठलं, हे मला त्या दुकानात कुणी विचारलं नाही.

त्या गटाची एक रीत होती. नवी आली की पुढच्या शनिवारचा चहा तिनं करायचा. सगळ्यांसाठी. तिच्यामागून दुसरी नवी आली की मग तो त्या दुसरीकडं जायचा. ह्याला सेवा म्हणतात. ज्या हातांना कंप सुटायचा त्या हातांनी दहा जणींना न सांडता चहा द्यायचा, म्हणजे आपण परत माणसांत आलो, असा त्याचा अर्थ. हे मला एका बाईनंच पहिल्या दिवशी समजावलं. मला रीत आवडली. आठवडाभर कंपनीत खोकी भरताना माझ्या डोक्यात तोच चहा. आलं मी घरून किसून नेलं होतं, डबीत.

शनिवारी मी किचनकडं वळले. शुभदाताई आडव्या आल्या. हसतच.

"चहा झालाय गं. तू ना, खुर्च्या मांड. आणि जाताना बाहेरच्या बाथरूमला जरा फिनेल टाक. सगळीच सेवा सारखी."

मी खुर्च्या मांडल्या. फिनेल टाकलं. पुढच्या शनिवारी विचारलं, "ताई, चहा?" तर म्हणाल्या, "आमचं देवघर किचनमध्येच आहे ना, सासूबाईंच्या वेळचं. त्यांना आवडायचं नाही बाहेरचं कुणी गेलेलं."

सासूबाई फोटोत होत्या. हार घातलेल्या.

असे बरेच शनिवार गेले. मी खुर्च्या मांडते, फिनेल टाकते, मोरी घासते. शेवटी सगळ्याजणी एकमेकींचे हात धरून प्रार्थना म्हणायच्या, तर शुभदाताई माझी नुसती दोन बोटं धरायच्या, ओलं फडकं उचलतात तशी. मला सगळं कळत होतं. दूध पिणाऱ्या मुलालाही कळलं असतं. मग गेलीस कशाला, असं तुम्ही विचाराल. सांगते. त्या खोलीत बायका जे बोलायच्या ते खरं होतं. संध्याकाळी जीभ कशी कोरडी पडते, घरात कुणी नसलं की पाय आपोआप कसे वळतात, सकाळी आरशात बघायची कशी हिंमत होत नाही. हे माझं होतं. हे मला बाहेर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं वाईनवर सुरू झालेलं होतं, माझं देशीवर. आमच्या नाशकात वाईन प्यायला लोक गाड्या घेऊन येतात, ग्लास हलवून वास घेतात, फोटो काढतात. त्याला कल्चर म्हणतात. पण तळाला गेल्यावर सगळ्यांची ओकारी एकाच रंगाची. शनिवारचा तो तास मला रविवार काढून द्यायचा. त्यासाठी मी फिनेल टाकलं. पोरीसाठी टाकलं. मला त्याची लाज नाही. लाज ज्यांना वाटायला पाहिजे त्या झोपाळ्यावर बसून चहा पीत होत्या.

ह्याच खोलीत एकदा शुभदाताईंनी आपली कथा सांगितली होती. त्यांचं घर म्हणजे नाकानं कांदे सोलणारं. नवरा त्यांची कपाटं तपासायचा, गादी उचलायचा, गाडीची डिकी बघायचा. म्हणून त्या व्होडकाची बाटली देवघरात ठेवायच्या, देवांच्या मागं. रोज पूजा त्याच करायच्या, दुसरं कुणी हात लावायचं नाही. घंटी वाजवायची, फूल वाहायचं आणि मागून एक घोट. सांगताना त्या रडल्या. आम्ही सगळ्या रडलो. मीसुद्धा रडले, मनापासून.

मग नवी बाई आली. तिला अनघा म्हणू. बँकेत मोठ्या पोस्टवर. पहिल्याच दिवशी हात इतके थरथरत होते की नाव सांगताना तिनं ते मांडीखाली दाबून धरले. बिचारी. तिचं मला काही वाकडं नाही. पण तिला बघितल्यावर मी मनात म्हटलं, आता खुर्च्या हिच्याकडं जातील.

शुभदाताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या शनिवारी चहा तुझा हं. आपल्याकडे नवी मैत्रीण चहा करते." मग माझ्याकडं वळून, "तू हिच्यासाठी एक खुर्ची जास्त मांडत जा."

मी तशीच बसून राहिले. गंमत म्हणजे राग आला नाही. राग आपण ज्यांना काहीतरी समजतो त्यांचा येतो. मला त्या हॉलमध्ये बसलेल्या एकेकीचं तोंड बघून किळस आली. सगळ्यांना रीत माहीत होती. मला रीत समजावणारी बाईपण तिथंच होती, ती आपल्या नखांकडं बघत होती.

पुढच्या शनिवारी मी लवकर गेले. खुर्च्यांना हात लावला नाही. कुत्र्याला ओलांडून सरळ किचनमध्ये. आलं डबीत होतंच. पातेलं ठेवलं, पाणी टाकलं, साखर टाकली, आलं टाकलं. देवघर खरंच तिथं होतं. चांदीचे देव, समई. देवांनी काही हरकत घेतली नाही. चहा उकळला, दूध टाकलं, कप भरले, ट्रे घेऊन बाहेर आले. थेंब सांडला नाही. हात असे स्थिर होते की माझं मलाच आश्चर्य वाटलं.

तोवर सगळ्या जमल्या होत्या. खुर्च्या मांडलेल्या नव्हत्या, त्यामुळं सगळ्या उभ्याच होत्या. शुभदाताईंनी ट्रे बघितला, मग किचनच्या दाराकडं बघितलं.

"तू आत गेली होतीस?"

"हो. चहा केला. माझा राहिला होता."

मी पहिला कप त्यांच्यापुढं धरला. त्यांनी हात मागं घेतला.

"माझा आज उपास आहे गं."

"उपासाला चहा चालतो, ताई."

दुसरीला ॲसिडिटी झाली. तिसरीनं आत्ताच घरी घेतला होता. नखं बघणाऱ्या बाईनं कप घेतला आणि टीपॉयवर ठेवला, पुन्हा त्याला शिवली नाही. अनघा हात पुढं करणार होती. शुभदाताईंनी तिच्याकडं नुसतं बघितलं. तिचा हात खाली गेला. दारूसाठी कुणाकुणाच्या पाया पडलेल्या, मोलकरणीकडून बाटल्या मागवलेल्या, गटारीच्या कडेला सापडलेल्या बाया. त्यांना माझा चहा बाटवणार होता.

मी ट्रे खाली ठेवला. स्वतःचा कप उचलला. प्यायले. चांगला झाला होता.

मग मी म्हटलं, "ताई, तुमच्या देवांच्या मागं बाटली चालली. मी चालत नाही."

शुभदाताई म्हणाल्या, "ते वेगळं होतं. तो आजार होता."

"आणि हा कुठला आजार आहे?"

कुणीतरी पुटपुटलं, की इथं असले विषय काढायचे नसतात, इथं आपण फक्त दारूबद्दल बोलतो. मी म्हटलं, बोला मग. मी कप विसळला, किचनमध्ये जाऊनच विसळला, जागेवर पालथा घातला आणि बाहेर पडले. फिनेलची बाटली बाथरूमबाहेर उभी होती. तिच्याकडं बघितलं पण नाही.

आता खरं सांगते. बसस्टॉपपर्यंत येईस्तोवर माझी जीभ वाळली होती. रस्त्याच्या पलीकडं देशीचं दुकान होतं. हिरवी पाटी. पर्समध्ये पगार होता. पाय वळले, मी नाही वळवले. रस्त्याच्या मधल्या दुभाजकापर्यंत गेलेसुद्धा. एक पाव बाटली मारली की त्या बायका, तो ट्रे, ती दोन बोटं, सगळं पुसलं जाईल हे मला पक्कं माहीत होतं. आणि तिथंच उभं राहून डोक्यात आलं, की मी प्यायले तर पुढच्या शनिवारी शुभदाताई झोपाळ्यावर बसून मान हलवून म्हणतील, बघा, मला वाटलंच होतं. ह्या लोकांना नाही जमत. आणि सगळ्या मिळून माझ्यासाठी प्रार्थना करतील. हात धरून. पूर्ण हात धरून.

त्यांना तेवढं सुख मी देणार नाही. माझं वाटोळं इतकं स्वस्त नाही. मी मागं फिरले आणि बस पकडली.

घरी येऊन अक्काला फोन केला. सगळं सांगितलं.

"प्यालीस का?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही म्हटलं ना."

"बरं." मग म्हणाली, "तुला दारू सोडायला बंगला कशाला लागत होता गं? जिनं मोरी घासून घेतली ती तुला काय माणसात आणील? पन बसणं तुला भाग हाय," ती म्हणाली. "मी माझा शब्द मागं घेणार नाय. आता कुठं बसशील?"

"जिथनं उठवलं तिथंच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. इंदिरानगरचा तोच हॉल, तोच चपलांचा ढीग. चष्मेवाले काका दारात.

"ताई, तुम्हाला गंगापूर रोडचा पत्ता दिला होता ना? आणि फॅमिलीची मीटिंग मागे..."

"मला माहितीय. मी मागं जाणार नाही."

मी त्यांच्या बाजूनं आत गेले आणि पहिल्या ओळीत मधल्या खुर्चीवर बसले. सगळा हॉल पुरुषांचा. कुजबुज सुरू झाली. काका पुढं आले, वाकून हळू आवाजात म्हणाले, "लोकांना संकोच होईल हो."

मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ज्यांना होईल त्यांनी मागच्या खोलीत जावं."

पाळी येईपर्यंत वाट बघितली. आधीचे चौघं-पाचजण बोलले. बोलले कसले, चाचरले. मग मी उभी राहिले. तिथंही नियम तोच, फक्त पहिलं नाव सांगायचं. मी पूर्ण नाव सांगितलं. माझं, बापाचं, आडनावासकट. गल्ली सांगितली. विहार सांगितला. मूळ गाव सांगितलं, म्हणजे कुणाला मीटिंग झाल्यावर जवळ येऊन मायेनं विचारायला नको. मग म्हटलं, मी दारू पिणारी बाई आहे आणि आज प्यायलेली नाही.

एका सुरात नमस्कार आला नाही. दोन-तीन आवाज आले, विस्कटलेले. माझ्या शेजारचा माणूस उठला आणि मागं जाऊन बसला. बायको-मुलीला मारल्याचं त्यानं जरा आधी कबूल केलं होतं, ते त्याच खुर्चीवर बसून. आता ती खुर्ची त्याला टोचायला लागली.

मी त्या रिकाम्या खुर्चीवर माझी पर्स ठेवली.

पोरगी शाळा सुटल्यावर येईल की नाही, ते अक्का ठरवील. आणि ती काय ठरवील ते माझ्यावर आहे, इथल्या कुणावर नाही. मी इथं कुणाला आवडायला येत नाही. दर रविवारी येणार, पहिल्या ओळीत बसणार, आडनाव सांगणार. आमच्या गल्लीत दार लावून पिणाऱ्या बाया मला माहीत आहेत. त्यांतली एक माझ्यासमोरच राहते, तिला मी काल रात्री सांगून ठेवलंय, रविवारी तयार राहा, खुर्ची धरून ठेवलीय. ती म्हणाली, तिथं आपल्याला कोण बसू देणार?

मी म्हटलं, विचारतंय कोण त्यांना.